विश्लेषण : सांधेदुखीवर आधी गोळी की आधी व्यायाम?

गुडघे दुखू लागले की जिना टाळा, चालणे कमी करा, असा सल्ला घरोघरी मिळतो. पाठोपाठ औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण गुडघा आणखी कमकुवत होतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. मग दिलासा नेमका कशाने मिळतो?

सांधेदुखीचे प्रकार कोणते?

झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, सर्वाधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यात गुडघेदुखीचे रुग्ण सर्वाधिक. यात सकाळची आखड साधारण अर्ध्या तासात ओसरते. हाताची लहान बोटे, मनगटे दोन्ही बाजूंनी सुजत असतील आणि आखड तासाहून अधिक टिकत असेल, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवाताची शक्यता असते. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते. उपचार लांबल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. त्यामुळे संधिवाततज्ज्ञांकडे लवकर जाणे महत्त्वाचे.

दुखत असताना व्यायाम कसा करायचा?

मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार पेलतात. हालचाल थांबली की ते अशक्त होतात, सांध्यावरचा भार वाढतो आणि दुखणेही वाढते. हे चक्र व्यायामानेच तुटते. खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, पाच ते दहा सेकंद तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. सोबत सपाट रस्त्यावर चालावे. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर प्रमाण कमी करावे. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण त्याआधीच कंटाळून सोडून देतात.

वजनाचा संबंध किती?

एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे संशोधन सांगते. उकिडवे बसणे, मांडी घालून तासन्‌तास काम करणे टाळावे. शौचालयात कमोडची सोय केल्यास उठबस सोपी होते.

वेदनाशामके कधी घ्यावीत?

गुडघा आणि हाताच्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकसारखे मलम आधी वापरून पाहावे. ते रक्तात कमी उतरते, त्यामुळे पोटातल्या गोळीपेक्षा सुरक्षित. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्याव्यात. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार किंवा पोटात अल्सर असलेल्यांना त्या घातक ठरू शकतात. आमवातात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

'हमखास' चूर्णांमध्ये धोका काय?

दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांधेदुखीवरील अशाच एका पूरक उत्पादनाबाबत इशारा दिला होता. त्यात लेबलवर नसलेले डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले होते. यामुळे साखर व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बराच काळ घेतली असल्यास ती अचानक थांबवू नये. ती डॉक्टरांना दाखवून त्यांच्या देखरेखीखाली बंद करावी.

शस्त्रक्रियेची वेळ कधी येते?

व्यायाम, वजन आणि औषधे या तिन्हींनंतरही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणे कठीण झाले असेल, तर सांधेरोपणाचा विचार होतो. केवळ एक्स-रे पाहून हा निर्णय होत नाही. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम प्रकाराची किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरली. रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा असतो. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम सुटत नाही.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी मालीश किंवा शेक देण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.