संगणकातला दगड खाली का येत नाही?

मे महिन्यात दगड मारून कैरी पाडण्याचा उद्योग तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेला असेल. हातातून सुटलेल्या दगडाने पुढे कसे जावे, हे तुम्ही त्याला शिकवत नाही. ते काम पृथ्वी परस्पर करते. पण हाच खेळ तुम्हांला संगणकाच्या पडद्यावर मांडायचा असेल तर?

एका उन्हाळी सुटीत आठवी-नववीच्या मुलांच्या शिबिरात मी शिकवायला गेलो होतो. अट एकच होती : दुसऱ्याने केलेला खेळ खेळायचा नाही, आपला आपण रचायचा. त्यासाठी 'स्क्रॅच' ही संगणकभाषा घेतली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००७ साली ती मुलांसाठी खुली केली. ती विनामूल्य मिळते. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की आज्ञावली तयार होते. तिचा पडदा ४८० एकके रुंद आणि ३६० एकके उंच असतो.

एका मुलीने कैरीचा खेळ निवडला. तिने दगडाला आज्ञा दिली : प्रत्येक पावलाला १० एकके पुढे जा आणि १२ एकके वर जा. 'पाऊल' म्हणजे काळाचा छोटा तुकडा. सेकंदाला अशी सुमारे ३० पावले पडतात. दगड निघाला तो तिरका, सरळ रेषेत, थेट पडद्याच्या कडेला.

"सर, हा खाली येतच नाही!"

कसा येणार? त्या पडद्यात पृथ्वीच नव्हती. बलच नसेल तर वस्तू सरळ रेषेत समान वेगाने जात राहते, हा न्यूटनचा पहिला नियम आपण पाठ करतो; तिने तो डोळ्यांनी पाहिला. मग तिने एक ठोकळा वाढवला : प्रत्येक पावलानंतर वरच्या दिशेचा वेग १ ने कमी कर. बस्स, एवढेच गुरुत्वाकर्षण!

तेवढ्यात वीज गेली. (मे महिन्यात ती जातेच.) तेव्हा आम्ही आलेख-कागद काढले आणि संगणकाचे काम हाताने केले. दगडाची उंची भरत गेली : १२, २३, ३३, ४२, ५०, ५७, ६३, ६८, ७२, ७५, ७७, ७८, पुन्हा ७८, मग ७७, ७५... बिंदू जोडले तर सुरेख अन्वस्त निघाला. वक्राचे सूत्र कोणीही लिहिले नव्हते. एक मुलगा म्हणाला, "पण सर, गुरुत्वीय प्रवेग तर ९.८ असतो, १ कसा?" प्रश्न चांगला होता. प्रत्येक पावलाला १ म्हणजे, सेकंदाला ३० पावले धरून, ३० × ३० = ९०० एकके प्रति सेकंद वर्ग. पडद्यावरची ९० एकके म्हणजे १ मीटर असे ठरवले, की उत्तर १० येते. प्रमाण ठरवणे खेळ रचणाऱ्याच्या हाती. त्याने लगेच १ च्या जागी एक षष्ठांश घालून दगड चंद्रावर नेला. तो पडद्यात मावेना.

वीज आल्यावर खरी अडचण उभी राहिली. कैरीचा देठ हातापासून १२३ ते १२७ एककांच्या दरम्यान, ७० ते ८६ उंचीवर होता. कैरी त्याखाली ४० पर्यंत लोंबत होती. दगड देठाला लागला की कैरी पडायची होती, पण ती पडेना. "सर, दगड देठातून आरपार जातो," असे ती म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. "अगं, आज्ञा चुकली असेल, पुन्हा लिही," असे मी दोनदा सांगितले. ती रडकुंडीला आली. खेळ सोडून दे म्हणायचे माझ्या ओठांवर होते, तोच तिने आलेख-कागद पुढे केला. बाराव्या पावलाला दगड १२० वर, तेराव्याला १३० वर. (दगड म्हणजे एक ठिपकाच समजा.) देठ मधल्या मध्ये राहिला! संगणकाच्या दृष्टीने दगड १२५ वर कधी नव्हताच. चूक मुलीची नव्हती, माझी होती.

निसर्गात दगड वाटेतल्या प्रत्येक बिंदूतून जातो. संगणकात तो एका पावलावरून दुसऱ्यावर उडी मारतो. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकीतज्ज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा खेळ केला होता. त्याचा चेंडू ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विद्युत्दाबाच्या अखंड बदलाने फिरे, त्यामुळे तिथे अशी पावले नव्हती. आजचे संगणक मात्र पावलांनीच चालतात. हवामानाचा अंदाज काढतानाही गणित असेच टप्प्याटप्प्याने करतात, आणि टप्पा फार मोठा घेतला तर तेही बिघडते.

एका मुलाने उपाय सुचवला, देठ बांबूएवढा जाड करू. कैरी पडली असती, पण ती कैरी दिसली नसती! मुलीने प्रत्येक पावलाचे पाच भाग केले आणि प्रत्येक भागाला 'देठाला लागला का?' असे विचारायला लावले : १२०, १२२, १२४. कैरी पडली. संगणकाला काम पाचपट पडले, त्याला इलाज नाही.

शिक्षकांना एक विनंती. तयार आज्ञावली फळ्यावर लिहून देऊ नका. आधी कागद द्या आणि पहिली दहा-बारा पावले हाताने काढायला लावा.

आता तुमच्यासाठी. हवेचा विरोध आपण धरलाच नाही. प्रत्येक पावलानंतर दगडाचा आडवा वेग शेकडा ५ ने कमी होतो असे समजा; उंचीचे आकडे तेच राहू द्या. मग हा दगड देठाला लागेल, खाली लोंबणाऱ्या कैरीला लागेल, की दोन्ही चुकवून जाईल? आलेख-कागदावर काढून पाहा.