भाड्याची मोटार आणि आयकर

कोल्हापुरात मोटार नुसती घरची राहत नाही. लग्नसराईत, जोतिबाच्या यात्रेला, नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमेला ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, ''गाडी मोकळी आहे का?'' बघता बघता महिन्याला आठ-दहा भाडी ठरून जातात. करसल्लागार म्हणून माझ्याकडे येणारे असे मालक हमखास म्हणतात, ''गाडी खासगी पासिंगची आहे. मग हे उत्पन्न दाखवायचं कशाला?''

परवान्याशिवाय पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. आयकर खाते मात्र पाटीचा रंग बघत नाही, पैसे आले की नाही एवढेच बघते. बेकायदा उत्पन्नालाही कर लागतो. वर आरटीओने केलेला दंड खर्चात धरता येत नाही. हे दुहेरी नुकसान सोसण्यापेक्षा गाडी रीतसर पिवळ्या पाटीवर घ्यावी, असे माझे मत आहे.

दुसरा घोळ ट्रकवाल्यांमुळे होतो. ऊस आणि गुळाच्या वाहतुकीमुळे आपल्याकडे ट्रकमालक पुष्कळ. लहान मालवाहू गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचे, हा त्यांचा नियम शेजारचा मोटारवाला स्वतःला लावून घेतो. तो नियम फक्त मालवाहू गाड्यांचा आहे. प्रवासी गाडीच्या धंद्याला लहान व्यावसायिकांची अंदाजी पद्धत घेता येते : रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरायचा. वर्षाला ३,६०,००० रुपये भाडे आले, तर सगळे रोख असल्यास २८,८०० आणि सगळे बँकेतून असल्यास २१,६०० रुपये. प्रत्यक्षात जास्त उरले असतील तर जास्त दाखवावे. मग डिझेल, घसारा वेगळा मागता येत नाही. ही पद्धत मध्येच सोडली, तर पुढची पाच वर्षे तिच्याकडे परतता येत नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा. कलमांचे आकडे बदलले, हिशेबाची ही रीत कायम आहे.

वह्या ठेवणाऱ्याला डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विमा, दुरुस्ती असा खरा खर्च मिळतो. कर्जाच्या हप्त्यातले फक्त व्याज खर्चात जाते, मुद्दल नाही. इथे बरेच जण चुकतात. भाड्याच्या धंद्यातल्या मोटारीला घसारा ३० टक्के, एरवी १५. पण घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला गेलात, त्या किलोमीटरांचा वाटा खर्चातून वगळावा लागतो. म्हणून गाडीत एक डायरी ठेवा आणि प्रत्येक फेरीचे आकडे लिहा. कंटाळवाणे काम आहे खरे, पण चौकशीत तीच उपयोगी पडते.

धंदा म्हणून नव्हे, नुसती एकच गाडी कुणाला मासिक भाड्याने देऊन ठेवली असेल, तर ते 'इतर उत्पन्ना'त जाऊ शकते. तिथे अंदाजी पद्धत चालत नाही. विमा, दुरुस्ती आणि घसारा मात्र मिळतो.

एखाद्या कंपनीशी ड्रायव्हरसह गाडीचे कंत्राट असेल, तर ती एकट्या मालकाच्या बिलातून साधारण १ टक्का कर कापून भरते. महिना ३०,००० रुपयांना वर्षाचे ३,६०० होतात. ही रक्कम तुमच्या पॅनवर दिसते, म्हणजे खात्याला भाडे आधीच कळलेले असते. एकूण कर तेवढा बसत नसेल तर पैसे परत मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. आणि धंद्याचे उत्पन्न असलेल्याला पगारदारांचा 'सहज' अर्ज चालत नाही.