विश्वासाची साक्ष आणि गुणांची सरासरी

अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने आपली शैक्षणिक पात्रता दाखवावी, अशी अपेक्षा तेथील बहुतेक विद्यापीठे ठेवतात. परंतु काही खासगी ख्रिस्ती विद्यापीठे त्याच अर्जात त्याच्या धर्मविश्वासाचीही विचारणा करतात आणि प्रवेशाचा निर्णय त्या उत्तरावरही अवलंबून ठेवतात. कॅलिफोर्नियातील ला मिराडा येथील बायोला विद्यापीठ हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. तेल उद्योजक लायमन स्टुअर्ट आणि धर्मोपदेशक टी. सी. हॉर्टन यांनी १९०८ मध्ये 'बायबल इन्स्टिट्यूट ऑफ लॉस एंजेलिस' ही संस्था स्थापन केली आणि तिच्या आद्याक्षरांतूनच पुढे बायोला हे नाव रूढ झाले. धर्मकार्यासाठी कार्यकर्ते तयार करणारी ही शाळा १९४९ मध्ये महाविद्यालय झाली, १९५९ मध्ये ला मिराडाला आली आणि १९८१ मध्ये विद्यापीठ म्हणून ओळखली जाऊ लागली. आज तेथे परिचर्या, व्यवसाय व्यवस्थापन, चित्रपट, विज्ञान असे अनेक विषय शिकवले जातात, तरीही प्रवेशाची मूळ अट त्या जुन्या शाळेचीच राहिली आहे: पदवीचा विद्यार्थी इव्हँजेलिकल ख्रिस्ती, म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणारा आणि ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या तारणाचा व्यक्तिशः स्वीकार केलेला, असला पाहिजे.

अर्जाची शैक्षणिक बाजू अमेरिकेतील इतर विद्यापीठांपेक्षा फारशी निराळी नाही. माध्यमिक शाळेतील चार वर्षांच्या विषयांचा आणि श्रेणींचा अधिकृत उतारा, ज्याला तेथे ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, हा तिचा कणा असतो. त्यातील श्रेणींची सरासरी साधारणपणे चारपैकी मोजली जाते आणि तिला जीपीए म्हणतात. एसएटी ही १६०० गुणांची किंवा एसीटी ही ३६ गुणांपर्यंतची प्रमाणित चाचणी पूर्वी बहुतेक ठिकाणी अनिवार्य असे, परंतु २०२० च्या महासाथीनंतर अनेक संस्थांनी ती ऐच्छिक केली. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांबरोबर सामान्यतः टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो, कारण त्याशिवाय एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे आय-२० हे प्रमाणपत्र विद्यापीठाला देता येत नाही.

या शैक्षणिक बाजूतही ख्रिस्ती विद्यापीठांची एक खास गरज आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील अनेक धर्मनिष्ठ कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात. अशा विद्यार्थ्याचा ट्रान्स्क्रिप्ट बहुधा त्याच्या आईवडिलांनीच तयार केलेला असतो, आणि ज्याने शिकवले त्यानेच श्रेणी दिली असेल तर बाहेरच्या एखाद्या मोजमापाचे महत्त्व साहजिकच वाढते. २००० मध्ये व्हर्जिनियात सुरू झालेले पॅट्रिक हेन्री कॉलेज तर प्रामुख्याने अशाच विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लासिक लर्निंग टेस्ट' या चाचणीला ख्रिस्ती महाविद्यालयांत मान्यता मिळत गेली, तीही याच पार्श्वभूमीवर. तिच्या वाचनखंडांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील आणि ख्रिस्ती परंपरेतील जुने ग्रंथ ठळकपणे असतात.

अर्जाची दुसरी बाजू मात्र गुणांत मोजता येत नाही. बायोलाच्या अर्जात विद्यार्थ्याने निबंधरूपाने आपली साक्ष लिहायची असते. साक्ष म्हणजे आपण विश्वासात कसे आलो आणि तो विश्वास आज आपल्या जगण्यात कसा उतरला आहे, याचे स्वतःच्या शब्दांतील निवेदन. अशा विद्यापीठांत पाळकाचे किंवा मंडळीतील जबाबदार व्यक्तीचे शिफारसपत्र मागण्याचीही प्रथा आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून घेतलेली ही साक्ष कितपत खरी मानावी, हा प्रश्न गंभीर आहे. चर्चमध्येच वाढलेल्या मुलाला त्या निवेदनाची भाषा लहानपणापासून अवगत असते, तर ज्याला प्रामाणिक शंका आहेत आणि ज्याला त्या शंकांसह शिकायचे आहे, त्याच्यापुढे गप्प राहणे किंवा दुसरीकडे जाणे एवढेच मार्ग उरतात. दुसरीकडे हेही मान्य करावे लागते की ही अट अर्ज करण्याआधीच उघडपणे सांगितलेली असते आणि तिचा धागा पुढील अभ्यासक्रमात स्पष्ट दिसतो, कारण विषय कोणताही असला तरी बायोलाच्या पदवीसाठी दीर्घकाळ बायबल आणि ईश्वरशास्त्राची तीस एकके अनिवार्य राहिली आहेत, आणि चार वर्षांच्या पदवीत तो जवळपास चौथा हिस्सा होतो.

अशी अट घालणे अमेरिकेच्या कायद्यात बसते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेद करण्यास मनाई करते. त्या यादीत धर्म नाही. परंतु धर्मश्रद्धेचे नाव पुढे करून वंशभेद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यात ठामपणे सांगितले. ते विद्यापीठ आंतरवंशीय प्रेमसंबंधांना आणि विवाहाला बंदी घालत होते. न्यायालयाने त्याची करसवलत काढून घेण्याचा निर्णय उचलून धरला आणि ती बंदी विद्यापीठाने २००० मध्ये सोडली. हा इतिहास विसरून या संस्थांच्या स्वायत्ततेचा विचार करणे योग्य होणार नाही. लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या 'टायटल नाइन' या तरतुदीतून धार्मिक संस्थांना सूट मागता येते. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून अशी सूट घेणाऱ्या विद्यापीठांवर ती विद्यार्थ्यांना जाहीरपणे कळवण्याचे बंधन घातले.

तथापि सर्वच ख्रिस्ती विद्यापीठे विद्यार्थ्याकडून विश्वासाची कबुली घेत नाहीत. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथील कॅल्व्हिन विद्यापीठ १८७६ मध्ये ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने सुरू केले. तेथे कोणत्याही धर्माचा विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो, मात्र प्राध्यापकांना बेल्जिक कन्फेशन, हायडेलबर्ग कॅटेकिझम आणि डॉर्टचे सिद्धांत या सोळाव्या-सतराव्या शतकांतील विश्वासपत्रांशी बांधिलकी पत्करावी लागते. म्हणजे बायोला शिकवणाऱ्याबरोबर शिकणाऱ्याकडूनही विश्वास मागते, तर कॅल्व्हिन तो शिकवणाऱ्याकडूनच मागते. शिक्षणाच्या दृष्टीने कॅल्व्हिनची रचना अधिक सकस वाटते, कारण संस्थेचे धार्मिक स्वरूप ज्यांनी विचारपूर्वक स्वीकारले आहे अशा प्रौढांवर तेथे त्याची जबाबदारी येते आणि वर्गात प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला, तो कोणत्याही घरातून आलेला असो, जागा उरते.

मराठी वाचकाला या दोन्हींहून वेगळी, तिसरी रचना परिचित आहे. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत सुरू केलेल्या शाळेतून विल्सन महाविद्यालय वाढले. तेथे हिंदू आणि पारशी मुलांना मुक्त प्रवेश होता आणि त्यांना बायबलही शिकवले जाई. १८३९ मध्ये काही पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला आणि अनेक पालकांनी मुले काढून घेतली. बायोलात विश्वास असेल तर बायबल शिकायला प्रवेश मिळतो. मुंबईच्या त्या शाळेत विश्वास नसलेल्यांपुढेच बायबल ठेवले जात होते. आज भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद २९(२) सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत धर्मावरून कोणालाही प्रवेश नाकारू देत नाही. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन हक्कांची सांगड घालताना स्वतःच्या समाजासाठी राखीव जागांची मर्यादा पन्नास टक्के ठरवली, आणि २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात ती टक्केवारी सर्वत्र सारखी न ठेवता संस्थेचा प्रकार आणि स्थानिक गरजा पाहून राज्याने निश्चित करावी असे सांगितले.