आधी आवाज ऐकायचा

फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत हे माहीत होतं. तिथे हल्ली कॉलेजची मुलं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे शोधत येतात, हे कळलं तेव्हा मात्र आश्चर्य वाटलं. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना यांना वेगळा कॅमेरा कशाला हवा आणि पाच हजारांच्या आत हाती काय पडतं, हे बघायला मी गेलो.

एका दुकानाच्या काउंटरवर चंदेरी, गुलाबी, काळे कॅमेरे ओळीनं मांडलेले होते. पण मी खिळून राहिलो तो काउंटरमागच्या अरुंद टेबलाशी. तिथे बसणारे मेकॅनिक काका कॅमेरा हातात आला की तो डोळ्यांसमोर न धरता कानाशी नेतात. बटण दाबतात. लेन्स बाहेर येते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. धडधाकट लेन्सचा आवाज सलग आणि मऊ असतो. एखाद्यात मध्येच ‘कर्र’ होतं. नळीत वाळूचा कण गेलेला असतो, नाहीतर प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलेलं असतं. ‘‘हा चौपाटी बघून आलाय,’’ म्हणत काकांनी एक कॅमेरा बाजूला सारला. दिसायला तो सगळ्यांत कोरा होता.

मग टॉर्च. लेन्समधून तिरका उजेड टाकून ते बुरशी शोधतात. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बारीक पांढरे धागे पसरतात आणि अशा बंद बॉडीतलं भिंग साफ करणं म्हणजे सगळा कॅमेरा सुटा करणं. त्यानंतर लेन्सवर हात ठेवून एक काळा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून त्यात चमकणारे ठिपके शोधायचे, सेलच्या कप्प्यात हिरवट गंज बघायचा, कार्ड घालून-काढून बघायचं.

एक कॅमेरा उघडायची वेळ आली तेव्हा काकांनी माझा टेबलावरचा हात मागे घ्यायला लावला. ‘‘आत तीनशे व्होल्ट असतात.’’ दोन पेन्सिल सेलवर चालणारं, तळहातावर मावणारं यंत्र. सेलचे मिळून व्होल्ट तीन. पण फ्लॅशचं सर्किट तेच तीनशेच्या घरात चढवतं, कपॅसिटर ते साठवून धरतो आणि सेल काढले तरी लगेच रिकामा होत नाही. काकांनी छोट्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवल्या. बल्ब क्षणभर लखकन पेटला. मगच त्यांनी मोत्याएवढे स्क्रू एकेक करून चुंबकाच्या पट्टीवर लावले. शिकाऊ पोराला ते रोज बजावतात : तीनशे व्होल्ट, विसरायचं नाही. एवढी जोखीम घेऊन दुरुस्त केलेल्या वस्तूला काउंटरवर लोक ‘जुना माल’ म्हणतात, ते मला तिथे बसून ऐकवेना.

दुपारी डोंबिवलीहून एक मुलगी आईबरोबर आली. ‘‘काका, सीसीडीवाला पाहिजे, आणि मेगापिक्सेल जास्त.’’ सीसीडी म्हणजे त्या काळच्या कॅमेऱ्यांतला सेन्सर. त्याचे रंग वेगळे येतात अशी मुलांमध्ये चर्चा आहे. माझ्या मते त्या फोटोंची ओढ सेन्सरपेक्षा थेट चेहऱ्यावर पडणाऱ्या फ्लॅशमध्ये आणि त्या वेळच्या रंगप्रक्रियेत जास्त आहे. मेगापिक्सेलचं तर बोलूच नये. या छोट्या कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाहूनही लहान. तेवढ्याच जागेत ठिपके कोंबत गेलं की कमी उजेडात फोटो दाणेदार होतो. कॅननचा २००८चा जी१० जवळपास १५ मेगापिक्सेलचा होता. पुढच्याच वर्षी जी११ आणताना कंपनीनं आकडा १०वर खाली आणला. बनवणाऱ्यालाच उमगलेली गोष्ट विकणाऱ्यांनी ग्राहकाला क्वचितच सांगितली.

काकांनी तिच्यापुढे दोन कॅमेरे ठेवले. एक सडपातळ, चकचकीत, स्वतःची खास बॅटरी असलेला. दुसरा कॅननचा पॉवरशॉट ए४८० : १० मेगापिक्सेल, ३.३ पट झूम, दोन पेन्सिल सेल, जरा जाडजूड. मुलगी पहिल्याकडे झुकली.

‘‘बाळा, याची बॅटरी फुगली की तू माझ्याकडे येणार आणि माझ्याकडे ती नसणार. हा घे. कसाऱ्याला गेलीस तरी टपरीवर सेल मिळतील.’’

‘‘पण झूम कमी आहे,’’ मुलगी म्हणाली.

‘‘दोन पावलं पुढे जा.’’

आईनं विचारलं, टिकेल का? काकांनी कॅमेरा आईच्या कानाशी धरला आणि बटण दाबलं. ‘‘ऐका वहिनी. कुठे अडकतंय?’’ आईनं लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

नवा स्वस्त कॅमेरा ऑनलाइन याहून थोड्या जास्त पैशांत मिळतो, हे मला ठाऊक आहे. त्यातल्या कित्येकांत लेन्स पुढे-मागे होतच नाही. झूम म्हणजे नुसतं चित्र कापून मोठं करणं, आणि खोक्यावर भलेमोठे मेगापिक्सेल. बंद पडला तर उघडणारा कोणी नाही. रोजच्या वापराला कॅमेरा घ्यायचा असेल, तर ज्यानं तो उघडून बघितलाय त्याच्याकडून घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

सौदा साडेतीन हजारांवर ठरला. काकांनी चार्ज होणारे सेल घ्यायला सांगितले. साधे स्वस्त सेल फ्लॅशसमोर काही फोटोंतच मान टाकतात. कार्ड ३२ जीबीच्या वर नको, हेही सांगितलं. महिनाभराची हमी तोंडीच दिली. मग तारीख लावून दाखवली, कारण ती चुकली की कॉम्प्युटरवर आजचे फोटो जुन्या वर्षात जाऊन बसतात. ‘‘आणि कपाटात ठेवू नकोस,’’ पावतीवर बॉडीचा नंबर लिहीत ते म्हणाले, ‘‘आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढ. न चालवता ठेवलेलेच जास्त माझ्याकडे येतात.’’