फी परवडते, पण पुढचे भाडे?

बारावीचा निकाल लागला की जबलपूरच्या मराठी घरांतही आता हा वाद रंगतो. मुलीने बी.एड. करून शाळेत लागावे, असे आईला वाटते. मुलगी म्हणते, ‘‘बाबा, मला पत्रकार व्हायचंय.’’ बाबा आधी विचारतात, ‘‘फी किती?’’ खरे तर हा प्रश्न सर्वांत सोपा आहे.

गावातच राणी दुर्गावती विद्यापीठ आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ. सरकारी विद्यापीठाची फी नोकरदार माणसाला झेपते. खासगी संस्थेत तीच पदवी कितीतरी महाग पडते. तिथला चकचकीत स्टुडिओ पाहून भुलू नये. त्यातला कॅमेरा आठवड्यातून किती तास हातात मिळतो, ते आधीच्या वर्षाच्या मुलांना विचारावे.

खर्च सुरू होतो तो पदवीनंतर. माझ्या ओळखीची राइट टाउनमधली एक मुलगी पदवी घेऊन दिल्लीला गेली. एका वाहिनीत सहा महिने बिनपगारी उमेदवारी केली. पुढे पगार सुरू झाला, पण खोलीचे भाडे आणि मेट्रोचे तिकीट यातच तो संपे. दोन वर्षे बाबा दरमहा पैसे पाठवत राहिले. त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ही रक्कम तिन्ही वर्षांच्या फीपेक्षा जास्त भरली! आज ती जबलपुरातच एका रुग्णालयाची प्रसिद्धी सांभाळते. पगार बरा आहे. बातमी लिहायची मात्र राहून गेली.

छापील वृत्तपत्रांतही फार वेगळे नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये सरकारने स्वीकारल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. तरीही त्याप्रमाणे पगार मिळावा म्हणून पत्रकारांना पुन्हा कोर्टात जावे लागले. तालुक्याचा वार्ताहर तर बहुधा जाहिराती मिळवूनच घर चालवतो.

या भागात पत्रकारितेने घर भरल्याचे उदाहरण जुन्या काळातही सापडत नाही. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी सरकारी नोकरी नाकारून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत बंद पडले. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाला हिंदी पत्रकारिता आजही मान देते, ही गोष्ट निराळी.

इथल्या मुलांचे भांडवल म्हणजे भाषा. हिंदी, इंग्रजी आणि घरची मराठी. पण मराठी बोलता येते, लिहिता येत नाही, ही घरोघरची तक्रार! तेवढी लिहिती केली, तर नागपूरची दारे उघडतात. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविकाही आहे.

त्याच मुलीची धाकटी बहीण यंदा पदवीधर झाली. तिलाही याच वाटेने जायचे आहे. परवा बाबांनी फीचा कागद न बघताच बाजूला ठेवला आणि थोरलीला विचारले, ‘‘तिकडे खोलीला काय पडतं गं महिन्याला? आणि किती महिने पाठवावे लागतील?’’