आधुनिक जगांतील वीर

महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या गांवांत, वेशीपाशीं किंवा शिवमंदिराच्या आवारांत, वीरगळ आढळतात. उभ्या शिळेवर एकावर एक असे कोरीव पट असतात. खालच्या पटांत वीर लढत असतो अथवा पडलेला असतो, कित्येकदां त्याच्याजवळ त्यानें रक्षिलेल्या गाई दाखविलेल्या असतात. मधल्या पटांत अप्सरा त्यास स्वर्गास नेतात व वरच्या पटांत तो शिवलिंगाची पूजा करतांना दिसतो. अशा बहुतेक शिळांवर नांव नसतें. गांवचीं गुरें राखतांना पडलेल्या सामान्य माणसासहि आपल्या पूर्वजांनीं वीर मानलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्याचें संकट आपल्या अंगावर घेणें, हीच त्यांच्या लेखीं वीरत्वाची कसोटी होती.

आधुनिक जगांत ही कसोटी बदलली काय? कसोटी तीच आहे, पण शत्रूचें रूप पालटलें आहे. तो पुष्कळदां डोळ्यांना दिसत नाहीं, आणि केवळ छातीचा कोट करून त्यास अडवितां येत नाहीं. म्हणून धैर्याच्या जोडीस आणखी दोन गुण लागतात. एक ज्ञान, आणि दुसरा त्या ज्ञानाची परीक्षा होऊं देण्याची तयारी. ह्याचें उत्तम उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे.

सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच दिवसांत शहरांत हाहाकार उडाला व लोक घरेंदारें सोडून गांवोगांव पळूं लागले. त्या वेळीं वॉल्डेमार हाफकिन नांवाचे एक शास्त्रज्ञ ऑक्टोबरांत मुंबईस आले. त्यांचा जन्म 1860 सालीं ओडेसा येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. पॅरिस येथें पाश्चर ह्यांच्या संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार केली व 1892 सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना लहानशी जागा व अगदीं थोडे मदतनीस मिळाले.

त्यांची रीत अशी होती. मांसरसासारख्या पोषक द्रवांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे. द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत, म्हणजे त्यांच्या आधारानें जंतूंची वाढ झुंबरासारखी खालीं लोंबूं लागे. पुढें उष्णता देऊन ते जंतु मारावयाचे. हे मृत जंतु टोंचले असतां शरीर शत्रूची ओळख करून घेतें व खरा जंतु आल्यावर त्याच्याशीं झुंजण्यास सिद्ध असतें.

ता. 10 जानेवारी 1897 रोजीं हाफकिन ह्यांनीं ही लस मोठ्या प्रमाणांत प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण अपाय झाला नाहीं. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोंचण्यांत आली व न टोंचलेल्यांशीं त्यांची तुलना करण्यांत आली. लसीनें पूर्ण अभय मिळत नव्हतें, पण धोका बराच कमी होत होता. स्वतःवरील प्रयोग हें धैर्य झालें; परंतु त्यावर समाधान न मानतां तुलनेनें सत्य पारखून घेणें, हें त्याहून दुर्मिळ होय.

खरी कसोटी पुढेंच होती. ता. 30 ऑक्टोबर 1902 रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं शंभरांवर लोकांस लस टोंचली गेली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले 19 जण धनुर्वातानें मेले. एकोणीस घरांवर हा घाला पडला; त्याचें दुःख कोणत्याहि युक्तिवादानें हलकें होणारें नव्हतें. चौकशी मंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखविला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें.

परंतु कागदपत्रांतून वेगळी हकीकत निघत होती. त्या दिवशीं बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. शिवाय विष मुंबईंतच शिरलें असतें, तर इतक्या दिवसांनीं बाटली उघडतांच दुर्गंधि आली असती. ती आली नाहीं. सन 1907 मध्यें रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन ह्यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. पांच वर्षें अपकीर्ति सोसलेला हा मनुष्य पुन्हां हिंदुस्थानांत येऊन कलकत्त्यास कामाला लागला व 1914 सालीं निवृत्त झाला. 1925 सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. तें आजहि कायम आहे. 1930 सालीं लोझान येथें त्यांचें निधन झालें.

वीरत्व केवळ विद्वानांच्याच वांट्याला येतें, असें मात्र कोणी समजूं नये. त्याच 1897 सालीं पुण्यांत प्लेग पसरला असतां सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आल्या, आणि त्याच रोगानें 10 मार्च रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्यांच्याजवळ लस नव्हती. ज्यास शिवण्यास लोक भीत होते, त्यास उचलण्याची तयारी होती. ज्ञान अपुरें असेल तेथें करुणेनें पुढें व्हावें लागतें, आणि करुणेचे हात अपुरे पडतील तेथें ज्ञानानें.

आज कीर्ति फार स्वस्त झाली आहे. चित्रपटांतला नायक व मैदानावरचा खेळाडू ह्यांचीं चित्रें घराघरांत दिसतात. त्यांचें कौतुक करण्यांत गैर कांहीं नाहीं. पण कौतुक निराळें आणि वीरपूजा निराळी. ह्या दोहोंतील भेद मुलांस समजावून द्यावयाचा तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. ह्या माणसानें दुसऱ्याचें कोणतें संकट आपल्यावर घेतलें? आपलें म्हणणें पारखून घेण्यास तो तयार होता काय? आणि लोकांनीं पाठ फिरविल्यावरहि तो आपल्या कामास चिकटून राहिला काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्या आयुष्यांत सांपडतात, त्याचें नांव कोणास ठाऊक नसलें तरी तो वीरच होय.