अंकुराची वाढ

सन १९१२ मध्यें दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटकला शिकून आले. परंतु मोठ्या चित्रपटास लागणारें भांडवल त्यांजपाशीं नव्हतें. तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरिला व तीसमोर कॅमेरा स्थिर ठेवून, ठराविक अंतरानें एकेक चित्र असें महिनाभर टिपिलें. त्या काळीं पडद्यावर सेकंदास सुमारें १६ चित्रें सरकत. त्यामुळें कित्येक दिवसांची वाढ क्षणांत घडून अंकुराचा वेल झालेला दिसे. हा 'अंकुराची वाढ' नांवाचा लघुपट पाहून त्यांस कर्ज मिळालें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. चित्रपटकलेच्या विद्यार्थ्यानें यांतून हाच बोध घ्यावा कीं, भांडवलाअभावीं अडून न बसतां हातच्या साधनांनींच प्रथम आपलें कौशल्य प्रत्ययास आणून द्यावें.